वहीत नाव आहे, पण पुढची तारीख कुठे आहे?



आपल्या समूहाची कर्जवही उघडून बघा. "या महिन्यात बारा जणींनी कर्ज घेतलं" एवढंच लिहून आपण वही मिटतो का? नाही. कुणी घेतलं, कधी घेतलं, कशासाठी घेतलं, हप्ता किती, बाकी किती आणि पुढचा हप्ता कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात असतं. एखादीचा हप्ता चुकला तर पुढच्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "ताई, काय अडचण आली?" म्हणून तर आपल्या पंचसूत्रीत नियमित हिशोब लिहिण्याला जागा आहे.

आता दुसरी एक नोंद बघू. अंगणवाडीत आरोग्य पथक येतं, मुलं तपासतं, निघून जातं. वर अहवाल जातो: इतकी मुलं तपासली, इतकी संदर्भित केली. संदर्भित म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवायला सांगितलेली. पण त्यातली किती खरंच पोहोचली? कितींच्या चिठ्ठ्या घरी फडताळात राहिल्या? पोहोचली त्यांचे उपचार सुरू झाले का? नुसत्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

हा लेख सहा वर्षांखालच्या अशा मुलांबद्दल आहे, ज्यांना बघायला, ऐकायला, चालायला, बोलायला किंवा समजायला अडचण येते आहे. आणि त्यांच्या नोंदींबद्दल आहे. कारण या वयात चुकलेली तारीख चुकलेल्या हप्त्यासारखी दंड भरून भरून निघत नाही.

सोय आहे, पण कागद विखुरलेले आहेत

सरकारची व्यवस्था नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार यात मोफत आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पुढच्या तपासणीसाठी आणि थेरपीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, त्याला डीईआयसी म्हणतात. आशाताई बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचं झालं की घरी भेट देतात. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीने काय करायचं, याची कार्यपद्धतीही केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली. लक्षणं ओळखणं, घरच्यांना सोबत घेऊन मुलाला सगळ्या कार्यक्रमांत सामील करणं आणि आशा, एएनएम व पथकाच्या मदतीने पुढे पाठवणं, असे तीन टप्पे त्यात आहेत. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सांगतो की सगळ्या मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी.

मग अडतं कुठे? एकाच लेकराचे कागद मोजून बघा. माता-बाल संरक्षण कार्ड घरी. वजन-उंची अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये. पथकाची नोंद पथकाकडे. रुग्णालयाचा केसपेपर रुग्णालयात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड वेगळं, आणि शाळेत गेलं की तिथली नोंद आणखी वेगळी. प्रत्येक ठिकाणी नंबर वेगळा. कधी कधी नावसुद्धा वेगळं: एका कागदावर "बाळ" आणि आईचं नाव, दुसऱ्यावर घरातलं लाडाचं नाव, तिसऱ्यावर जन्मदाखल्यावरचं. कागदांवरून बघाल तर हे एकच मूल आहे हे कळणारसुद्धा नाही.

यात आपल्या रीतीने आणखी एक गाठ पडते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाच्या जन्माची नोंद आणि दवाखान्यातून सुटतानाचा कागद माहेरी राहतो. तीन-चार महिन्यांनी लेक सासरी जाते, तेव्हा बाळंतविडा आठवणीने सोबत जातो, कागद जात नाहीत. सासरच्या आशाताईंना बाळ कमी दिवसांचं होतं, काही दिवस काचेच्या पेटीत होतं, हे कुणी सांगितलं तरच कळतं.

दुसरी गाठ स्थलांतराची. दिवाळीनंतर कोयता घेऊन घरं ऊसतोडीला निघतात. पथक अंगणवाडीत येतं तेव्हा मूल फडावरच्या कोपीत असतं. वहीत "गैरहजर" लिहिलं जातं, आणि गैरहजर मुलाला कुणी पुढची तारीख देत नाही.

तारीख का महत्त्वाची

तीन उदाहरणं घ्या.

पहिलं, डोळे. बाळ 34 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं किंवा त्याचं वजन 2 किलोपेक्षा कमी असलं, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत करून घ्यायची असते. पडद्याला आजार असेल आणि वेळेत उपचार मिळाले, तर नजर वाचू शकते. वेळ गेली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. ही तारीख दवाखान्यातून सुटतानाच्या कागदावर बारीक अक्षरात असू शकते. तो कागद पेटीत, पेटी माळ्यावर, आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही असं घरात ठरलेलं. सव्वा महिना होईपर्यंत ते 30 दिवस निघून गेलेले असतात.

दुसरं, कान. तज्ज्ञांचा हिशोब 1-3-6 असा आहे. पहिल्या महिन्यात ऐकण्याची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. कारण बोलणं ऐकण्यातून येतं. "याचा बापही उशिरा बोलला" म्हणत तीन वर्षं थांबलो, तर ती तीन वर्षं मूल भाषेवाचून राहतं.

तिसरं, पाय. जन्मतः आत वळलेलं पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केलं तर बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतं. पण प्लास्टर दर आठवड्याला बदलावं लागतं आणि नंतर काही वर्षं खास बूट घालावे लागतात. पहिल्या प्लास्टरनंतर गाडीभाडं संपलं आणि दुसऱ्या वेळी गेलंच नाही, तर पहिल्याचाही उपयोग राहत नाही. सरकारी अहवालात मात्र ते "उपचार सुरू" म्हणून मोजलं गेलेलं असतं.

आणखी एक लक्षात घ्या. अंगणवाडीत दर महिन्याला वजन आणि उंची बघतात, ते गरजेचंच आहे. पण ऐकू न येणाऱ्या मुलाचं वजन अगदी चांगलं असू शकतं. वजनाच्या तक्त्यावर ते हिरव्या रंगात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयाची 20.42 लाख दिव्यांग मुलं देशात नोंदली गेली. त्यातली सुमारे 71 टक्के खेड्यांत होती. त्याच जनगणनेत 0 ते 4 वयोगटात शंभरात 1.14 मुलं दिव्यांग दिसतात आणि 5 ते 9 वयोगटात 1.54. लहान वयात अडचणी कमी असतात म्हणून हा फरक आहे असं समजू नका. त्या वयात अनेक अडचणी ओळखल्याच जात नाहीत, लिहिल्या जात नाहीत. तेव्हा जनगणनेत दिव्यांगत्वाचे प्रकारही 8 च होते. 2016 च्या कायद्यात ते 21 झाले.

आपण काय बघायचं, काय लिहायचं

आपण डॉक्टर नाही. निदान करायचं काम आपलं नाही. आपलं काम दिसलं ते सांगणं आणि तारीख लिहिणं. खालच्या गोष्टी दिसत नसतील तर वाट न बघता आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा:

- 3 महिने: बाळ आपल्याकडे बघून हसत नाही.
- 4 महिने: मान धरत नाही.
- 6 महिने: आवाजाकडे वळत नाही.
- 9 महिने: आधाराशिवाय बसत नाही.
- 18 महिने: आधाराशिवाय चालत नाही, एखादा शब्दही बोलत नाही.
- 2 वर्षं: "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही.
- कुठल्याही वयात: आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं.

कमी दिवसांच्या बाळाचं वय पहिली दोन वर्षं बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात, हे लक्षात ठेवा. पण शंका असेल तर विचारायला लाजू नका.

आणि शब्द जपून वापरा. "मंद आहे", "वेडसर आहे" असं वहीत लिहू नका, तोंडीही म्हणू नका. "दीड वर्षाची झाली, धरल्याशिवाय चालत नाही, हाक मारली की वळून बघते" असं लिहा. पहिल्या शब्दांनी शिक्का बसतो. दुसऱ्या वाक्यातून डॉक्टरांना खरी माहिती मिळते. कितीतरी आया नाव सांगायला धजत नाहीत ते याच शिक्क्याच्या भीतीने. "मोठीचं लग्न जमायचं आहे, आत्ता नको," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. नोंद म्हणजे शिक्का नाही, पुढची तारीख मिळवण्याचा रस्ता आहे, हे आईला आणि सासूबाईंना दोघींना सांगायला हवं.

घरची वही: सात रकाने

सरकारचे सगळे कागद एका ठिकाणी येतील तेव्हा येतील. तोवर मुलाची एक वही घरातच हवी. शंभर पानी साधी वही चालेल. त्यात सात रकाने आखा:

1. मुलाचं नाव (जन्मदाखल्यावर आहे अगदी तसंच), जन्मतारीख, आईचं नाव
2. काय दिसलं आणि कोणत्या तारखेला
3. कुणी, कुठे पाठवलं आणि कधी
4. तिथे प्रत्यक्ष पोहोचलो ती तारीख
5. तिथे काय सांगितलं
6. पुढची तारीख
7. गेलो नाही तर का नाही

वहीसोबत एक प्लास्टिकची पिशवी ठेवा. त्यात जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्यातून सुटतानाचा कागद, तपासण्यांचे अहवाल आणि पथकाची चिठ्ठी. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. लेक माहेराहून निघाली की बाळाच्या झबल्यांबरोबर ही पिशवी निघाली पाहिजे. ऊसतोडीला निघालं तरी पिशवी सोबत, आणि निघण्याआधी अंगणवाडीताईंना गावाचं नाव सांगून जायचं. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे.

लिहिता न येणाऱ्या आईला वहीचं ओझं वाटू नये. समूहातली एखादी लिहिती सखी महिन्यातून दहा मिनिटं तिच्याकडे बसली तरी पुरे.

लहान वयात मिळालेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपायची तारीखही सहाव्या रकान्यात लिहा.

सातवा रकाना सगळ्यात मोलाचा

दिवस मोजण्याची ही पद्धत इतर देशांतही आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या अशा सेवांसाठी 1986 मध्ये कायदा झाला. मुलाबद्दल कळवल्यापासून 45 दिवसांत तपासणी करून घरच्यांसोबत बैठक घ्यायची, असा तिथला नियम आहे. किती मुलांना वेळेत सेवा मिळाली, किती राहिली आणि का राहिली, याचा हिशोब प्रत्येक राज्याला द्यावा लागतो. आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे, पण प्रश्न घेण्यासारखा आहे: "किती मुलं तपासली?" याच्या जोडीला "सांगितल्यापासून किती दिवसांत पोहोचली?"

"का नाही गेलो" या रकान्यातली उत्तरं बघा. गाडीभाडं नव्हतं. मजुरी बुडत होती. धाकटं कुणाकडे ठेवायचं? गेलो तर त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. यातली निम्मी कारणं ग्रामसंघ स्वतः सोडवू शकतो. चार गावांतली मुलं एकाच दिवशी एका गाडीने नेता येतात. निघण्याआधी फोन करून तज्ज्ञ त्या दिवशी आहेत का हे विचारता येतं. ज्या घराला खरंच झेपत नाही, त्याच्यासाठी ग्रामसंघाचा जोखीम निधी आहे. उरलेली कारणं सरकारकडे मांडायची आहेत. ती तारखांसकट मांडली तर ऐकली जातात.

ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत चार आकडे विचारा. नावं नकोत, फक्त आकडे:

- किती मुलांना पुढे पाठवायला सांगितलं?
- त्यातली किती पोहोचली?
- पोहोचायला जास्तीत जास्त किती दिवस लागले?
- न पोहोचल्याची कारणं कोणती?

नावं चव्हाट्यावर नकोत

घरची वही घरची. ती बैठकीत फिरवायची नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकायचा नाही. मदत करणाऱ्या सखीला वही दाखवायची की नाही, हे आई ठरवेल. गावात एक-दोनच अशी मुलं असतील तर नुसत्या आकड्यावरूनही कुणाचं मूल ते लोक ओळखतात. अशा वेळी आकडा गावच्या बैठकीत न वाचता थेट प्रभागसंघात द्या, तिथे बऱ्याच गावांची बेरीज होते. संगणकावर किंवा ॲपमध्ये मुलांची माहिती भरायची तर पालकांची संमती हवी, असं 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे. कुणी येऊन "योजना देतो, यादी द्या" म्हणालं, तर आधी कोणत्या कार्यालयाकडून आलात, लेखी काय आहे, ते विचारा.

अंगणवाडी सुटते तेव्हा

एका व्यवस्थेतून मूल दुसरीत जातं, तिथे नोंद हमखास गळते. सहाव्या वर्षी अंगणवाडी संपते, शाळा सुरू होते. अंगणवाडीची माहिती आपोआप पहिलीच्या बाईंच्या हातात पडेल असं धरून बसू नका. मे महिन्यातच वही आणि पिशवी घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. मुलाला काय अडचण आहे, कशाने मदत होते, हे सांगा. शाळा दरवर्षी सरकारकडे जी माहिती भरते, त्यात दिव्यांग मुलांची नोंद स्वतंत्र असते. ती झाली का, हे विचारा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे.

ग्रामपंचायतीचंही विसरू नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पण लहान मुलांची नोंदच नसेल, तर त्यांच्यासाठी काही मागायचं कशाच्या आधारावर? पालकांची तयारी असेल तर त्यांच्यासोबत ग्रामसभेत जा.

प्रभागसंघाने मागायच्या तीन गोष्टी

पहिली, पथकाच्या भेटीची तारीख आधी कळावी आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांसाठी दुसरी तारीख तिथल्या तिथे ठरावी. दुसरी, पाठवणीची चिठ्ठी दोन प्रतींत असावी, एक घरी आणि एक अंगणवाडीत, आणि तिच्यावर कुठे, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं ते स्पष्ट लिहिलेलं असावं. तिसरी, जिल्ह्याच्या ठिकाणी काय झालं हे अंगणवाडीताईंपर्यंत परत यावं, म्हणजे घरी करून घ्यायचे व्यायाम आणि खेळ तिथेही चालू राहतील. या तिन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही, नवं ॲपही लागत नाही.

अंगणवाडीताई आणि आशाताईंशी भांडायला जाऊ नका. नोंदींचं ओझं त्यांच्यावर आधीच खूप आहे. "ताई, आमच्याकडे या मुलाच्या तारखा आहेत, तुमच्या नोंदीशी जुळवून घेऊ या," असं म्हणा.

पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं जास्त थांबा. ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचं मूल आहे त्या प्रत्येकीने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणावं. कार्डावर लिहिलेली शेवटची तारीख कोणती, आणि पुढची कुठे आहे, एवढं एकमेकींचं बघा. जिथे पुढची तारीख नाही, तिथून कामाला सुरुवात करा.